वाचकांचे प्रश्न: जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा

हिवाळी सत्राचे प्रवेश सुरू झाले की जर्मनीच्या व्हिसाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते निवडले आहेत. काही पत्रं लांब होती, ती प्रश्नापुरती छोटी केली आहेत.

मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत एम.एस.ला जायचं म्हणते. व्हिसाची कामं प्रवेश मिळाल्यावर सुरू करायची ना?
– एक पालक, सांगली

नाही, त्याच्या बऱ्याच आधी. भारतातून शिकायला जाणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं अकॅडेमिक इव्हॅल्युएशन सेंटर आपल्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत का ते तपासून हे प्रमाणपत्र देतं. त्याची फी १८,००० रुपये आहे. ते नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि बरीच विद्यापीठं प्रवेशाच्या अर्जातच ते मागतात. म्हणजे हा कागद प्रवेशाच्याही आधीचा. गर्दीच्या महिन्यांत त्याला अनेक आठवडे लागतात. बऱ्याच अभ्यासक्रमांची हिवाळी सत्राची अंतिम मुदत १५ जुलै असते, काहींची त्याहून कितीतरी आधी संपते. म्हणून एपीएसचा अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास गेला, तर पुढची सगळी कामं सुखाने होतात.

प्रवेशपत्र हातात आलं की ब्लॉक्ड अकाउंट (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं), मग आरोग्य विमा, मग जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन अर्ज. तिथे कागद चढवले की आधी प्राथमिक तपासणी होते. काही कमी असेल तर पोर्टलवरच कळवलं जातं, त्यामुळे ते खातं दर एक-दोन दिवसांनी उघडून बघा. त्यानंतर व्हीएफएसच्या (दूतावासासाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रात भेटीची वेळ मिळते. तिथे बोटांचे ठसे, मूळ कागद आणि ७५ युरो व्हिसा फी (रुपयांत भरायची, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं). महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. भेटीनंतर निर्णयाला दोन-तीन महिने धरून चाला.

पोर्टलवर स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच पासवर्ड ठेवा. एजंटने त्याच्या ईमेलवरून खातं उघडलं आणि 'अमुक कागद सात दिवसांत द्या' हा निरोप त्याच्याकडेच पडून राहिला, असे अर्ज दरवर्षी अडकतात. फॉर्म भरायला मदत जरूर घ्या, पण खात्याची किल्ली मुलीच्या हातात राहू द्या.

माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं आहे. पासपोर्टवर वेगळं आहे आणि पदवीवर स्पेलिंगसुद्धा एका अक्षराने चुकलंय. व्हिसा अडेल का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

आपल्याकडच्या अर्जांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठांच्या कागदांवर 'जाधव स्नेहल दत्तात्रय' असा क्रम असतो. आईचं नाव वेगळ्या रकान्यात, किंवा थेट चौथ्या शब्दाच्या रूपात. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. 'दत्तात्रय' दुसऱ्या रकान्यात असतं किंवा मुळीच नसतं. जर्मन अधिकाऱ्याला 'वडिलांचं नाव मध्ये' ही पद्धत माहीत असेलच असं नाही. त्याच्या दृष्टीने पासपोर्टवर जे छापलंय तेवढंच तुमचं नाव.

पासपोर्टचं फोटोचं पान उघडा. तळाशी इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव येतं, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हं लागोपाठ, मग तुमचं नाव. नावात दोन शब्द असतील तर त्यांच्यामध्ये एकच चिन्ह. ती दोन चिन्हं जिथे आहेत तिथे यंत्र तुमचं आडनाव संपलं असं समजतं. ही ओळ कागदावर उतरवून घ्या आणि यापुढचा प्रत्येक फॉर्म तिच्याकडे बघून भरा: एपीएस, विद्यापीठाचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, व्हिसा. ब्लॉक्ड अकाउंट 'स्नेहल जाधव' नावाने आणि पासपोर्ट 'स्नेहल दत्तात्रय जाधव' नावाने, असं झालं की खात्याचा दाखला पुन्हा मागवावा लागतो आणि आठवडाभर फुकट जातो.

नुसता क्रम वेगळा असेल तर अडत नाही. एपीएसला भारतातले असे कागद रोजचेच आहेत. एका अक्षराचा फरक असेल तर दोन मार्ग आहेत. विद्यापीठाकडून पदवी दुरुस्त करून घेणं सर्वांत चांगलं, पण त्याला महिने लागू शकतात. तेवढा वेळ नसेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या. त्यात दोन्ही स्पेलिंगं जशी छापली आहेत तशीच लिहा आणि कोणत्या कागदावर कोणतं आहे तेही नोंदवा. 'गुणपत्रिकेवर चुकून वेगळं छापलं आहे' एवढंच मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र फारसं कामाचं नाही.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. नाव पूर्णपणे बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद लागते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल (जुन्या पासपोर्टांत हे दिसतं), तर एपीएसच्याही आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नंतर केलात तर पासपोर्टचा नंबर बदलतो आणि आधीच्या प्रत्येक कागदावर तो जुनाच राहतो.

आमची नऊ एकर बागायत आहे, सातबारा वडिलांच्या नावावर. शिवाय आजोबांची पंधरा लाखांची एफडी आहे. एवढं दाखवून पुरणार नाही का? ब्लॉक्ड अकाउंटच का?
– एक विद्यार्थी, करवीर तालुका

घरची स्थिती चांगली आहे, याबद्दल कोणाला शंका नाही. पण जर्मन अधिकारी घरची मालमत्ता मोजत नाही. जर्मनीत गेल्यावर दर महिन्याला तुमच्या हातात खर्चाचे पैसे येणार का, एवढंच तो बघतो. सातबारा, सोनं, घराचं मूल्यांकन, सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र यांतून ते सिद्ध होत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधून होतं, कारण त्यात वर्षभराचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ते महिन्याला ठरावीक रकमेनेच सुटतात.

सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. ती अधूनमधून वाढते, म्हणून पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवशी दूतावासाच्या पानावर आकडा पुन्हा पाहा. यात फी धरलेली नाही. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसली तरी सत्राचं वर्गणीशुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी लावली आहे. खासगी विद्यापीठाची फी त्याहून खूप मोठी असते आणि ती कुठून येणार हे फाईलमध्ये वेगळं दाखवावं लागतं.

पैसे पाठवताना होणारी चूक म्हणजे नेमके ११,९०४ युरोच पाठवणं. मधली बँक आपलं शुल्क कापते आणि खात्यात दहा-वीस युरो कमी पोहोचतात. तेवढ्यासाठी दाखला थांबतो आणि उरलेले वीस युरो पाठवायला पुन्हा पूर्ण शुल्क पडतं. बँकेच्या ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवताना भरायचा फॉर्म) 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडून' हा पर्याय निवडा आणि खातं देणाऱ्या कंपनीने सुचवलेली जास्तीची रक्कमही त्यातच घाला.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून परदेशी पाठवलेल्या पहिल्या दहा लाखांवर टीसीएस नाही, त्यापुढे आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी ११,९०४ युरो म्हणजे बारा लाखांच्या जवळ. सगळे वडिलांच्या पॅनवरून गेले तर वरच्या रकमेवर टीसीएस कापला जाईल. काही भाग वडिलांच्या आणि काही तुमच्या किंवा आईच्या खात्यातून गेला, तर हा प्रश्नच येत नाही. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर टीसीएस नाही. कापला गेलाच तर तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो.

आजोबांच्या एफडीचा उपयोग असा: ती मोडून पैसे वडिलांच्या खात्यात, तिथून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. बक्षीसपत्र करून ठेवा म्हणजे पैसे कुठून आले याचा कागद हाताशी राहील. ब्रिटनला अर्ज करणारे भावंडं-मित्र तुम्हाला '२८ दिवस पैसे खात्यात ठेव' असं सांगतील. तो नियम ब्रिटनचा. तिथे विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस रक्कम लागते आणि आजोबांचं खातं चालत नाही. दोन देशांचे नियम एकत्र करू नका.

शैक्षणिक कर्ज घेतोय. बँक म्हणते व्हिसा आणा मग पैसे देतो, व्हिसावाले म्हणतात पैसे दाखवा मग व्हिसा देतो. काय करायचं?
– एक पालक, नांदेड

यावर उपाय कर्जाचा अर्ज करतानाच करावा लागतो. शाखेत पहिल्याच भेटीत लेखी सांगा: निर्वाह खर्चाचे ११,९०४ युरो व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये हवे आहेत. मंजुरीपत्रात हे वाक्य आलं पाहिजे. नुसत्या 'परदेशी शिक्षणासाठी अमुक लाख मंजूर' या पत्रावर शाखा नंतर हात वर करते. जर्मनीच्या बाबतीत ही पद्धत अनेक बँकांना माहीत आहे, पण तालुक्याच्या शाखेत नवा अधिकारी असेल तर प्रवेशपत्र आणि दूतावासाच्या पानावरची अट छापून सोबत न्या. बँक शेवटपर्यंत तयार झाली नाही तर घरच्यांकडून थोड्या मुदतीसाठी उचलून खातं भरायचं आणि कर्ज फीसाठी वापरायचं, एवढाच रस्ता उरतो.

तारणाबद्दलही विचारलं आहे. शेतजमीन बँका सहसा तारण घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती करता येत नाही. एनए प्लॉट, घर, एफडी, विमा पॉलिसी चालतात. त्यामुळे सातबाऱ्याच्या भरवशावर कर्जाचं वेळापत्रक आखू नका.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा डाडची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर पत्रात महिन्याची रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहून घ्या. ती रक्कम ९९२ युरोंहून कमी असेल तर फरकाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची लेखी जबाबदारी घेतली, तर तीही चालते. नुसतं 'मी भाच्याचा खर्च करीन' असं घरी टाइप केलेलं पत्र चालत नाही.

सीजीपीए ८ आहे, पण दोन विषय राहिले होते, नंतर सुटले. मध्ये दोन वर्षं नोकरी केली. मोटिव्हेशन लेटरमध्ये हे लपवावं का?
– एक विद्यार्थी, पिंपरी-चिंचवड

लपवू नका. एपीएसला सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका पाठवा, नापास झालेल्याही. राहिलेला विषय हा दोष नाही. गुणपत्रिका गाळलेली सापडली, तर मात्र सगळ्या फाईलवरचा विश्वास जातो.

गुणांचं रूपांतर जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्राने होतं. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. १० पैकी ८ आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४ असेल तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. तिथे १.० सर्वांत चांगलं. आता पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट: किमान मर्यादा ४ ऐवजी ५ धरली तर तेच गुण २.२ होतात. २.५ ही बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची सीमा असते, तिच्या जवळ असलेल्यांचा प्रवेश या एका आकड्यावर हलू शकतो. गुणपत्रिकेच्या मागे श्रेणींचा तक्ता नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून किमान उत्तीर्ण श्रेणीचं पत्र घ्या.

मोटिव्हेशन लेटर एक-दीड पानाचं पुरे. कुठला अभ्यासक्रम, त्यातले कुठले विषय तुम्हाला हवेत, आधी काय शिकलात आणि नोकरीत काय केलंत त्याचा या विषयांशी काय संबंध, नंतर काय करणार. दोन वर्षांची नोकरी ही तर तुमची जमेची बाजू. 'जर्मनी ही अभियंत्यांची भूमी आहे' अशा वाक्याने सुरुवात करू नका, तेच वाक्य त्याच दिवशी अधिकाऱ्याने इतर पत्रांत वाचलेलं असतं. तुमच्याकडे लिहिण्यासारखं आहे: कंपनीत कोणत्या मशिनवर काम केलंत, तिथे कुठे अडलात, आणि त्याचं उत्तर त्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या विषयात मिळणार. मेकॅनिकलनंतर एकदम व्यवस्थापनाकडे वळत असाल तर कारण नीट सांगावंच लागेल, तिथे अधिकारी थांबून वाचतो.

विमा कुठला घ्यायचा? एजंट स्वस्त खासगी विमा घ्यायला सांगतोय.
– एक विद्यार्थिनी, मडगाव

दोन वेगळे विमे लागतात. विमानातून उतरल्यापासून विद्यापीठात नोंदणी होईपर्यंत प्रवासी विमा, आणि नोंदणीपासून पुढे विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा. तिसाव्या वर्षापर्यंत सार्वजनिक विमा कंपनीचा विद्यार्थी दर मिळतो. तो महिन्याला खासगीपेक्षा महाग दिसतो, पण त्यात आधीचे आजार, दवाखाना, औषधं सगळं धरलेलं असतं.

एजंट जे सांगत नाही ते हे: खासगी विमा घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरवता येत नाही. दुसऱ्या वर्षी आजारपण आलं आणि खासगी कंपनीने बिल नाकारलं तरी सार्वजनिक विम्यात शिरता येत नाही. तुम्ही तिशीच्या आत असाल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: सार्वजनिक विमा घ्या. तिशी ओलांडलेल्यांनी खासगी घेताना दंतोपचार आणि आधीचे आजार या दोन कलमांची बारीक अक्षरं वाचावीत.

व्हिसा नाकारला. आता अपील करता येतं का?
– एक पालक, जळगाव

पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभरातल्या जर्मन दूतावासांनी बंद केली. इंटरनेटवर अजून जुनी माहिती फिरते, काही जण त्या अर्जाचे पैसेही घेतात, ते देऊ नका. आता दोनच मार्ग: नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्याच्या आत दावा. दाव्याला वेळ आणि वकिलाची फी दोन्ही लागतात, त्यामुळे बहुतेकांना नवा अर्जच योग्य.

पण आधी नकारपत्रातलं कारण वाचा. पत्र जर्मनमध्ये असेल तर नीट भाषांतर करून घ्या. शिक्षणाचा हेतू पटला नाही, असं असेल तर मोटिव्हेशन लेटर आणि अभ्यासक्रमाची निवड दोन्ही बदलायला हवं. पैशांचं असेल तर खात्याचा दाखला नवा हवा. तीच फाईल पुन्हा दिली तर तेच उत्तर येतं. सोबतच विद्यापीठाला लगेच लिहा आणि प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का विचारा. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे नकारपत्र दाखवून परत मिळतात, तेव्हा पत्राची मूळ प्रत जपून ठेवा.

व्हिसा मिळाला! पहिल्या महिन्यासाठी किती पैसे जवळ ठेवावेत?
– एक विद्यार्थिनी, पुणे

अभिनंदन. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे उतरल्याबरोबर हातात येत नाहीत. आधी जर्मन बँकेत चालू खातं, त्यासाठी बऱ्याचदा पत्त्याची नोंदणी, आणि मग पहिले ९९२ युरो. पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाची सही लागते. प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये तात्पुरतं उतरलात तर ती सही मिळेलच असं नाही. त्यात घराची अनामत, जी कायद्याने पाणी-हीटिंगसारखे खर्च सोडून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. खोलीचं मूळ भाडं ३५० युरो धरलं तरी अनामत १,०५० युरोपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे फॉरेक्स कार्डवर दोन ते अडीच हजार युरो ठेवा, रोख थोडीच.

नोकरीची घाई पहिल्या महिन्यात करू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहा. एपीएस, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला आणि विम्याचं पत्र यांच्या छापील प्रती केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. विमानतळावरचा अधिकारी तेच मागतो.